मयत काही करत नव्हती

१२ फेब्रुवारी २०२३

जलदान विधी झाला. मांडववाला खुर्च्या घेऊन गेला. गावाकडचे लोक दुपारच्याच गाडीने परत गेले. अर्ध्या गुंठ्यातलं आमचं घर — आणि आज ते मोठं वाटतंय!

सकाळी उठून ओट्यापाशी गेले आणि नुसती उभी राहिले. चहापत्ती कुठल्या डब्यात, माहीत नाही. जन्मापासून या घरात राहते मी, आणि चहापत्तीचा डबा माहीत नाही! भूषण मागे उभा. माझा धाकटा भाऊ, आयटीआयला जातो. म्हणाला, "आत्या असती तर…" मग दोघांनी मिळून सगळे डबे उघडले. चहापत्ती बोर्नव्हिटाच्या बरणीत निघाली.

चौकात फ्लेक्स लागलाय. फ्लेक्सवाल्याने बाबांना विचारलं होतं, "आडनाव कोणतं टाकू? माहेरचं का सासरचं?" बाबांनी आधी तिचा फोटो त्याच्या हातात दिला. मग म्हणाले, "नुसतं गिरजाबाई टाक." म्हणून 'कालकथित गिरजाबाई' एवढंच आहे. खाली आमची सगळ्यांची नावं पूर्ण, आडनावासकट.

१३ फेब्रुवारी

आत्या गेली ती गिरणीतून येताना. पाण्याच्या टँकरने मागून धडक दिली. जागेवरच. गिरणीवाल्याने दळणाची पिशवी घरी आणून दिली. अर्धं पीठ सांडलं होतं, अर्धं चांगलं.

आज आईने त्याच पिठाच्या भाकरी केल्या. मी म्हटलं, आई, नको ना. आई म्हणाली, "वाया घालवलं असतं तर तीच ओरडली असती."

खाल्ली. गोड लागली, हेच वाईट वाटलं.

१८ फेब्रुवारी

पोलिसांच्या कागदांची झेरॉक्स मिळाली. बाबांचा जबाब वाचला. तसाच लिहून ठेवते —

'मयत ही माझी सख्खी बहीण असून तिचे पतीने तिला सोडून दिल्यापासून ती माझ्याकडे राहत होती. ती काही कामधंदा करत नव्हती. घरीच असायची. तिचा सांभाळ मीच करत होतो.'

मी बाबांसमोर कागद धरला. "बाबा, हे तुम्ही सांगितलंत?"

"मग? खोटं हाय का काही?"

"आत्या काही करत नव्हती?"

"नोकरी करत व्हती का? न्हाई. मग तसंच सांगणार की. पोलीस टेशनात काय भाषण देऊ?"

भाषण नको होतं. एक ओळ हवी होती.

मी जन्मले त्याच वर्षी ती आमच्याकडे आली. तीन वर्षं मूल झालं नाही म्हणून नवऱ्याने दुसरी बाई आणून घरात बसवली होती. ती आली, आणि आई चाकणच्या कंपनीत लागली. बाबा भोसरीत आधीपासून होतेच. मला न्हाऊ-माखू घातलं आत्याने. भूषणला बोट धरून बालवाडीत नेलं आत्याने. आईची पहिली पाळी असो, दुसरी असो, डबा तयार. पाणी यायचं तेव्हा ती नळावर. माझ्या दहावीच्या अभ्यासाला ती शेजारी बसून शेंगा सोलायची — मी झोपू नये म्हणून. वाचता यायचं नाही तिला. तरी विचारायची, "कितवं पान?"

अर्थशास्त्राच्या पेपरात प्रश्न होता — घरातल्या विनामोबदला कामाची राष्ट्रीय उत्पन्नात गणना का होत नाही? मी झकास उत्तर लिहिलं होतं. पूर्ण मार्क. आणि तेव्हा आत्या घरी माझाच उद्याच्या पेपरचा ड्रेस वाळत घालत होती. तिचं नाव त्या उत्तरात माझ्या मनातही आलं नव्हतं!

५ मार्च

तळवड्याच्या ऑफिसात आज पुन्हा उशीर. टीम लीडर म्हणाले, "मैत्री, प्रोबेशन सुरू आहे तुमचं, लक्षात आहे ना?" आहे. पण आईची बस पहाटे सुटते, बाबांना डबा लागतो, भूषणलाही लागतो. आई म्हणाली, "तुझीच कंपनी जवळ हाय, तेवढं सकाळचं तू बघ." बरोबरच आहे. माझीच जवळ आहे.

११ मार्च

कोणीतरी एजंट आला होता. अपघाताचा क्लेम करून देतो, निम्मे तुमचे. बाबांनी हाकलला. "बहिणीच्या मढ्यावर पैसे खाऊ का रे?"

शेजारच्या सावित्रीबाई दारातून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "घ्या की विलासभाऊ! जित्तेपणी बाईला पगार न्हाई मिळाला, मेल्यावर तरी मिळूंद्या." हसत म्हणाल्या. बाबांना ते लागलं. मला मात्र वाटलं, एवढ्या दिवसांत खरं बोललेलं माणूस हेच.

१९ मार्च

आज भोसरीला वकील मॅडमना भेटून आले. ऑफिसातल्या रश्मीने नंबर दिला होता. ॲडव्होकेट अंजली. झेरॉक्सच्या दुकानावर छोटीशी खोली. मी गेले ती एकटीच, घरी न सांगता.

मॅडम म्हणाल्या, "कोर्ट गृहिणीच्या कामाची किंमत धरतं हो. काही कमवत नव्हती म्हणून शून्य, असं आता चालत नाही."

मला तिथेच रडू आलं. पैशांसाठी नाही! कुठेतरी, कुठल्या तरी सरकारी कागदावर लिहिलं जाणार — ही बाई काम करत होती.

मग मॅडमनी विचारलं, "पण गृहिणी कोणाच्या घरातली?"

कायद्याने आत्याचा पहिला वारस तिचा नवरा, तो सोनबा. घटस्फोट झालेलाच नाही! आधार कार्डावर अजून 'गिरजा सोनबा साबळे'. मॅडम म्हणाल्या, "त्यालाही अर्जात घ्यावं लागेल. तुमच्या वडलांनाही अर्ज करता येतो. पण मग त्यांना एक गोष्ट शपथेवर सांगावी लागेल — की हे कुटुंब तिच्यावर अवलंबून होतं. ती तुमच्यावर नाही. तुम्ही तिच्यावर. हा जबाब तर बरोबर उलटा आहे."

चालत घरी आले. सगळ्या रस्त्याने तेच वाक्य म्हणत. आम्ही तिच्यावर अवलंबून होतो. किती सोपं वाक्य आहे! बाबांनी ते एकदा म्हणावं. चारचौघांत. बाकी मला काही नको.

२० मार्च

सांगितलं. घर डोक्यावर घेतलं बाबांनी.

"विलास ओव्हाळ बहिणीच्या जिवावर जगला, असं लिहून देऊ? चोवीस वर्षं भट्टीपुढं उभा हाय मी! तिला नवऱ्यानं हाकलली तवा ह्या दारात घेतली कुणी? तिच्या अंगावर लुगडं कुणाचं? दवाखाना कुणी केला?"

"तुम्हीच केलात बाबा. पण तुमचं घर कुणी केलं?"

"लई शिकवलं तुला!"

भूषण उठून बाहेर गेला.

मला वाटलं होतं, आई तरी माझ्या बाजूने बोलेल. ती बाई आहे, तिला कळेल. पण आई भांडी घासत राहिली, पाठ न वळवता म्हणाली, "जाऊ दे मैत्री. गेलेल्या माणसाला कोर्टात ओढू नको. काढायचं नसतं सगळं."

आईचा मला बाबांपेक्षा जास्त राग आला.

२ एप्रिल

कोणी कोणाशी बोलत नाही. डबे मात्र वेळेवर होतात!

१४ एप्रिल

बाबासाहेबांची जयंती. चौकात मिरवणूक, निळे झेंडे, लहान पोरं पांढऱ्या कपड्यांत. दरवर्षी आत्या पहाटे उठून खिरीचं पातेलं चढवायची, सगळ्या गल्लीला पुरेल एवढं. यंदा खीर मी केली. खाली लागली. लोकांनी तरी चाटून पुसून खाल्ली आणि म्हणाले, "गिरजाबाईसारखी न्हाई, पर चांगली हाय."

संध्याकाळी बाबा माझ्याजवळ येऊन बसले. नवा शर्ट, कपाळावर घाम.  त्यांनीच सुरुवात केली.

"ती तुझी वकीलबाई. काय नाव?"

"अंजली मॅडम."

"तिला म्हणावं करतो अर्ज. पर ते 'अवलंबून' लिहायचं न्हाई."

१६ मे

अर्ज दाखल. त्याआधी बाबांच्या प्रतिज्ञापत्रावरून मॅडमच्या खोलीत तासभर खेचाखेच. मॅडम लिहायच्या, बाबा खोडायला लावायचे. शेवटी ठरलं ते असं — 'मयत ही घरकामात व मुलांच्या संगोपनात मदत करत होती.'

मदत!

मदत म्हणजे मी दिवाळीत आकाशकंदील बांधायला धरते ती. मॅडमनी मला नजरेने गप्प केलं. खाली उतरल्यावर म्हणाल्या, "सही झाली हेच खूप. उलटतपासणीत माणूस कागदात नसलेलंही बोलतो. थांबा थोडं."

९ जुलै

आज तो आला. सोनबा.

मला वाटलं होतं कोणीतरी राक्षस असेल. वाळका, पुढचे दात पडलेला, हातात प्लास्टिकची पिशवी. पिशवीत आमच्यासाठी शेवचिवडा! उंबऱ्याच्या आत आलाच नाही, पायरीवर बसला.

"वकिलीणबाईचं पत्र आलं. माझं नाव लागतं म्हणत्यात."

बाबा म्हणाले, "नावच लागतं तुझं. दुसरं काय लागलं?"

"खरं हाय पाव्हणं."

मी चहा नेऊन दिला. द्यायचा नव्हता, पण हात सवयीने गेला. त्याने माझ्याकडे निरखून पाहिलं. "ही ती पोरगी का?" म्हणाला. "हां," बाबा तुटकपणे म्हणाले आणि मला आत जायला सांगितलं.

'ती' म्हणजे? कोणती ती?

आई स्वयंपाकघरातून एकदाही बाहेर आली नाही. रजा होती तिची. डोकं दुखतंय म्हणाली.

३० ऑगस्ट

तारीख. साहेब रजेवर. पुढची तारीख.

२१ ऑक्टोबर

तारीख. आमची फाइल आलीच नाही. पुढची तारीख. बाबांचा एक खाडा, माझी एक बिनपगारी रजा.

१४ जानेवारी २०२४

रविवार. काळे तीळ, गूळ, शेंगदाणे. आत्याचं प्रमाण मला येत नाही. लाडू वळतच नाहीत. भूषणने चमच्याने खाल्ले.

प्रोबेशन तीन महिने वाढवलं आहे ऑफिसने, दुसऱ्यांदा. घरी सांगितलं नाही. विचारलंही नाही कोणी.

६ मार्च

टँकरच्या विमा कंपनीचं उत्तर दाखल झालं. मॅडमनी वाचून दाखवलं. 'मयत ही अशिक्षित, परित्यक्ता व बेरोजगार असून भावाच्या आश्रयाने राहत होती. सबब तिच्या मृत्यूने अर्जदारांचे कोणतेही आर्थिक नुकसान झालेले नाही. उलट त्यांचा खर्च वाचला आहे.'

खर्च वाचला आहे.

बाबा खिडकीबाहेर बघत होते. मॅडमनी विचारलं, "विलासभाऊ, अजूनही 'मदत' असू द्यायचं का?"

बाबा म्हणाले, "चला, माझी दुसरी पाळी हाय."

१८ जून

आज सोनबाची साक्ष झाली. नीट लिहून काढते, नाहीतर माझाच विश्वास बसणार नाही.

वारस म्हणून आधी त्याला उभं केलं. विमा कंपनीचे वकील सडपातळ, आवाज अगदी मऊ. त्यांनी विचारलं, "तुम्ही मयताला टाकून दिलं होतं, खरं ना?"

"टाकली व्हती. खोटं कशाला बोलू?"

"म्हणजे तिच्या असण्या-नसण्याने तुम्हाला काही फरक पडत नव्हता."

"पडत व्हता की. आणायला गेल्तो मी."

वकील थांबले. आमच्या मॅडमही मान वर करून बघायला लागल्या.

"कधी?"

"दुसरी मला सोडून गेली. म्हातारी आंथरुणाला खिळली. मंग आलो हितं दिघीला. ही पोरगी —" सगळ्या कोर्टासमोर त्याने माझ्याकडे बोट केलं — "ही रांगत व्हती तवा."

"मग आणलं का नाहीत?"

"मेव्हण्यानं लावून दिली न्हाई. दारातनंच म्हणाला, न्हाई पाठवत, जा. पुन्यांदा गेलो न्हाई मी. कुठल्या तोंडानं जाणार?"

मी बाबांकडे पाहिलं. ते हातातल्या रुमालाची घडी घालत होते. पुन्हा उलगडत होते. पुन्हा घालत होते.

बाहेर आल्यावर विचारलं. "बाबा, खरं आहे?" ते गाडीला किक मारत राहिले. बटणस्टार्ट गाडी आहे ती!

मॅडमनी मला बाजूला घेतलं. चेहरा उजळलेला त्यांचा. "हे आधी का नाही सांगितलंत? यातूनच तर सिद्ध होतं! नवरा न्यायला आला आणि भावाने सोडली नाही — कारण तिच्याशिवाय घर चालणार नव्हतं. याहून चांगला पुरावा काय हवा?"

मी हो म्हटलं. 

१९ जून

आईला काल रात्रीच सांगितलं होतं सगळं. ती ताटावरून उठली. आज कामावर जाताना माझ्या डोक्यावरून हात फिरवला तिने, उगीचच. तिचे हात खरखरीत आहेत. आत्याचेही होते.

२३ जून

नुसता विचार येतो. आत्या तेव्हा चोवीस-पंचवीसची असेल. म्हणजे आज मी आहे त्याहून थोडीच मोठी. गेली असती तर? तिकडे सुख होतं असं नाही. सोनबाला तरी ती कशाला हवी होती? म्हातारीचं करायला. बाबांना कशाला? माझं करायला. दोघांनाही ती भाकरीलाच हवी होती. पण तिकडे ती तिच्या नावाने राहिली असती. तिचं एखादं लेकरू झालं असतं कदाचित. नसतंही झालं. निदान ते तिचं तिने पाहिलं असतं.

आणि अडवलं कशामुळे? माझ्यामुळे. मी रांगत होते म्हणून!

मी न्याय मागायला निघाले होते.

२७ ऑगस्ट

बाबांची उलटतपासणी. आज झाली.

इस्त्रीचा शर्ट मीच काढून दिला. बोलणं बंद आहे आमचं, पण शर्ट काढून दिला.

तेच मऊ आवाजाचे वकील. "बहिणीला तुम्ही महिना किती पगार देत होता?"

"बहिणीला कुणी पगार देतं का साहेब?"

"जेवणखाण, कपडालत्ता, औषधपाणी — कोण करत होतं?"

"मीच."

"म्हणजे ती तुमच्यावर अवलंबून होती."

बाबांनी कठडा धरला.

"पोलिसांना तुम्हीच सांगितलंय, सांभाळ मी करत होतो. नवऱ्याने टाकलेली बहीण. शिक्षण नाही, कमाई नाही. तुमच्यावर भारच होता तो. बरोबर?"

मला वाटलं, आता हो म्हणणार. हो म्हणण्याची सवयच आहे त्यांना — सुपरवायझरला, साहेबाला, पोलिसाला. मी डोळे मिटून घेतले.

"भार असती," बाबा म्हणाले, "तर नवरा न्यायला आला तवा पाठवली नसती का?"

 जज्जसाहेबांनी चष्मा काढला. "पुढे बोला," म्हणाले.

मग बाबा बोलायला लागले. इतकं सलग बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नाही. "मी कंपनीत. बायको नुकती कंपनीत लागलेली. ही पोरगी रांगती. गिरजा गेली असती तर बायकोला घरी बसावं लागलं असतं. एक पगार गेला असता. त्या पगारातून भाड्याची जागा इकत घेतली, पत्रा जाऊन स्लॅब पडला. त्या पगारातून ही पोरगी शिकली — आमच्यात पहिली हीच शिकली साहेब. लोकं म्हणतात, विलासनं बहीण सांभाळली. मीबी तेच म्हणत आलो. न्हाई सांभाळली. तिनं आम्हाला सांभाळलं. तिच्या जिवावर उभं राहिलो आम्ही. लिवून घ्या."

वकिलांनी विचारलं, "तिला जायचं असताना तुम्ही अडवलंत?"

"व्हय."

"कोणी अडवलं? तुम्ही एकट्याने?"

बाबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. "मी. एकट्यानं."

जज्जसाहेब टायपिस्टला सांगू लागले, सावकाश, एकेक शब्द — 'माझे… कुटुंब… मयताच्या श्रमावर… अवलंबून होते.'

कळफलकाचा आवाज येत राहिला. दीड वर्षं मी त्या वाक्याची वाट पाहत होते. मिळालं. आणि मला उठून सांगावंसं वाटलं — खोडा ते. नको मला.

१ सप्टेंबर

बाबा दोनदा बोलायला आले. मी ताट वाढलं आणि दुसऱ्या खोलीत गेले.

भूषण म्हणाला, "ताई, एवढं नको ना ताणू. खरं तरी बोलले ते." मी म्हटलं, "खरं बोलायला माणूस मरायची वाट बघावी लागते का?" तो म्हणाला, "तू भाषणच कर. मला डबा कोण देतंय ते सांग."

दिला. कांदा-बटाट्याची भाजी, तीन चपात्या. वर लोणचं.

१२ सप्टेंबर

आत्याची पत्र्याची पेटी आवरली. दोन लुगडी, एक स्वेटर, विहारातल्या महिला मंडळाचा पांढऱ्या साड्यांतला फोटो. सगळ्या बायका कॅमेऱ्याकडे बघताहेत, आत्या खाली — मी तिचा पदर धरून उभी आहे तिकडे. एवढंच. स्वतःचं असं काही नाही.

स्वेटर मी घेतला. ऑफिसात एसी असतो.

१० ऑक्टोबर

ऑफिसात आता एसी नाही माझ्यासाठी. त्यानंतर आणखी दोनदा वाढवलेलं प्रोबेशन संपलं, कायम केलं नाही. पत्र चांगल्या भाषेत आहे. 'आपल्या पुढील वाटचालीस शुभेच्छा.'

आई म्हणाली, "बघू दुसरीकडं. तोवर घरचं तरी नीट होईल." मग एकदम तिचा चेहरा पडला. तिने तोंडावर हात ठेवला आणि मोरीत जाऊन पाणी सोडलं. बराच वेळ नळ चालू होता. मला कळलं नाही, तिला एवढं काय झालं. नोकरी माझी गेली.

२२ नोव्हेंबर

निकाल.

कोर्टाने आत्याला आमच्या घरची गृहिणी मानलं. महिन्याचं उत्पन्न बिगारी मजुराइतकं धरलं, त्यातून तिच्या स्वतःच्या खाण्यापिण्याचा भाग वजा केला. वजा करावाच लागतो म्हणे. तिला ओळखणाऱ्याला ठाऊक आहे, सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं खायची ती. वजा करायला होतंच काय?

निम्मी रक्कम सोनबाला, निम्मी बाबांना. मॅडम खूश. म्हणाल्या, "मैत्री, तुझ्यामुळे झालं हे." पेढे आणले होते त्यांनी.

सोनबा कोर्टाच्या पायरीवर बसून रडत होता. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं. बाबा त्याच्याशेजारी जाऊन बसले. दोन म्हातारे. एकाने टाकलेली, एकाने ठेवून घेतलेली, आणि दोघांचे पैसे मंजूर! मी लांब उभी राहिले. बाबांनी हाक मारली, "मैत्री." मी बसस्टॉपकडे चालू लागले.

इतका तिरस्कार मी कुणाचा केला नव्हता.

२४ नोव्हेंबर

आई आज कामावर गेली नाही. खाडा केला. माझ्यासमोर येऊन जमिनीवर बसली.

म्हणाली, "बाबांशी बोल."

मी म्हटलं, त्यांचं नाव काढू नकोस.

म्हणाली, "ते पाठवणार होते तिला. रिक्षा सांगून ठेवली होती. सोनबा दारात उभा, तिनं पिशवी भरलेली. मी तिला आत घेतलं आणि कडी लावली. तिच्या पाया पडले मी, मैत्री. म्हटलं, मला कंपनीत लागून आठवडाच झालाय. तू गेलीस तर मी पुन्हा चुलीपुढं. बाहेर ते सोनबाला न्हाई म्हणाले ते मी आतून सांगितलं म्हणून."

मी विचारलं, आत्या काय म्हणाली?

"म्हणाली, वहिनी, रडू नका. मैत्री चालायला लागली की जाईन."

मग भूषण झाला.